चौकातल्या रेघा

पहाटे 5.40. आज चौकात वाहनांचा काउंट आहे. छापील तक्ते, पॅड, टोपी, पाण्याची बाटली आणि तीन पेनं, कारण एक दर वेळी कुणीतरी पळवतंच. वाहतूक नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेतेय म्हटलं की लोकांना वाटतं, मी संगणकावर मेट्रोच्या रेघा ओढते. रेघा ओढते खरी, पण पेनाने. चार उभ्या, पाचवी तिरपी.

7.20. नळस्टॉप. पोहे आणि चहा. आम्ही आठ जण, चार जोड्या. माझ्या वाट्याला लॉ कॉलेज रस्ता, जोडीला जळगावचा वर्गमित्र. चहावाले काका विचारतात, "सर्वे कसला? अजून एक पूल?" डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्याही डोक्यावर मेट्रो. आणखी एक पूल घालायचा तर कुठे, हे त्यांनाच विचारावंसं वाटतं.

8.00. सुरुवात. दर पंधरा मिनिटांनी पान उलटायचं. तासाची एकच बेरीज धरली तर शाळेची आणि ऑफिसची गर्दी एकमेकांवर चढते ती नेमकी दहा-पंधरा मिनिटं त्यात विरघळून जातात, आणि चौक तुंबतो तो तेव्हाच. पहिल्या पाच मिनिटांत कळतं की दुचाकी एकटीने मोजणं अशक्य आहे. मग तो दुचाकी घेतो, मी बाकी सगळं.

बाकी सगळं म्हणजे काय काय ते तक्त्यात आहे. प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात मोजायचं, त्या मापाचं नाव पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या तक्त्यात मोटार 1, रिक्षा 1.2, बस 2.2, हातगाडी 2. एखाद्या प्रकाराचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की त्याचा आकडाही चढतो. दुचाकी 0.5 वरून 0.75 होते, आणि पुण्यात दुचाकीचं प्रमाण दहा टक्क्यांवर आहे का, हे मोजायला चौकात यावं लागत नाही. टांग्यालाही एक ओळ आहे. आम्ही ती अजून कोरीच परत नेतो.

9.40 ला केळ्यांची हातगाडी आली. "दोन!" वर्गमित्र ओरडला. गाडीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. "दोन डझन?" त्याने विचारलं. घ्यावीच लागली.

तेवढ्यात मागून बस आली, दारापर्यंत भरलेली. मी 'बस'च्या रकान्यात एक रेघ मारली. ती रिकामी असती तरी एकच रेघ, तेच 2.2. तिच्या शेजारच्या मोटारीत एकच गृहस्थ, फोनवर बोलत. तिथे 1. समजा बसमध्ये साठ माणसं असतील, तर मोटारीएवढ्या जागेत बस सत्तावीस माणसं नेते आणि मोटार एक. पण हा तक्ता जागा अडवणाऱ्याचा हिशेब मांडतो, नेणाऱ्याचा नाही. आणि ज्या आजी माझ्यासमोर पिशवी सांभाळत तीनदा पाऊल पुढे टाकून तीनदा मागे आल्या, त्यांना रकानाच नाही. चालणाऱ्यांचा काउंट वेगळा असतो, वेगळ्या दिवशी, मनुष्यबळ उरलं तर.

11.00. पानं गोळा. केळी संपली.

12.15. कॉलेजच्या लॅबमध्ये एक्सेल. कंटाळवाणं काम, सांगण्यासारखं काही नाही.

2.00. सिग्नल डिझाइनचा तास. वेबस्टरचं 1958 चं सूत्र: सिग्नलच्या एका फेरीत वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट, अधिक 5, भागिले 1 वजा Y. चौकात हिरव्या दिव्यात जितकं बाहेर पडू शकतं त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष किती येतं, त्याची बेरीज म्हणजे Y. वाया 16 सेकंद जात असतील आणि Y 0.8 असेल तर फेरी 145 सेकंदांची. Y 0.9 झाला की 290. दहाव्या हिश्शाने चौक भरला आणि फेरी दुप्पट! आमच्या गटाचा Y आला 1 च्या वर, म्हणजे फेरी उणे सेकंदांची. सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमचा सिग्नल कालच लागून गेला." चूक सापडली ती दुचाकीत. लाल दिव्यात दुचाक्या मोटारींच्या फटींतून पुढे येतात आणि हिरवा लागला की घोळक्याने सुटतात. तिथे 0.75 धरणं म्हणजे नसलेली जागा त्यांना बहाल करणं. आकडा उतरवला, फेरी माणसात आली.

4.00. बससेवा व्यवस्थापन. मला हा विषय सगळ्यात आवडतो, कारण इथे गणित लगेच पैशांत उतरतं. एका मार्गाची जाऊन-येऊन फेरी 100 मिनिटांची असेल आणि दर दहा मिनिटांनी बस हवी असेल, तर 10 बस लागतात. रस्ता तुंबून तीच फेरी 120 मिनिटांची झाली की 12 लागतात. दोन बस, त्यांचे चालक-वाहक, डिझेल, सगळं वाढलं, आणि प्रवाशाला मिळालं काय? तीच दहा मिनिटांची वाट.

6.30. थांब्यावर. पंचवीस मिनिटं काही नाही, मग एकाच नंबरच्या दोन बस पाठोपाठ. याला बंचिंग म्हणतात. उशिरा आलेल्या बसला थांब्यावर जास्त माणसं मिळतात, चढ-उतारात ती आणखी रेंगाळते, मागची हलकी असते म्हणून तिला येऊन गाठते. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं आहे. पाय तरी दुखायचे ते दुखलेच.

9.00. अण्णांचा फोन, वाईहून. अण्णा एसटीत वाहक होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

"काय केलंस आज?"

"चौकात मोजणी केली."

"काय मोजलंस?"

"गाड्या."

"आणि आत माणसं किती होती?"

"तो रकाना नसतो, अण्णा."

पलीकडे जरा वेळ शांतता. "मग भारमान कसं काढता?" त्यांनी विचारलं. अख्खी नोकरी त्यांनी त्या एका शब्दाचा हिशेब दिला. गाडीची आसनं किती, त्यात तिकिटं किती.

"चौकाचं भारमान काढत नाहीत," मी म्हटलं.

"वेबिल कोरं ठेवून गाडी सोडल्यासारखं झालं की मग," अण्णा म्हणाले, आणि जेवलीस का, याकडे वळले.

10.15. उद्याचे तक्ते छापायचे आहेत. बसच्या रकान्याशेजारी एक अरुंद रकाना घातला: रिकामी, बसून, उभी, दारात. खिडकीतून अंदाजाने तेवढं दिसतं. तिरप्या रेघेला त्यात जागा पुरत नाही, म्हणून फॉन्ट एकाने कमी केला.