विश्लेषण : शाहू महाराजांनी कैद केलेले परशुरामपंत पुन्हा ‘प्रतिनिधी’ कसे झाले?

औंधचे संग्रहालय पाहायला जाणाऱ्या अनेकांना ‘पंतप्रतिनिधी’ हे आडनाव वाटते. मुळात ते पद होते आणि एके काळी पेशव्यांपेक्षाही वरचे. सातारा जिल्ह्यातल्या किन्हईच्या कुलकर्णी घराण्यात ते आले परशुराम त्र्यंबक यांच्यामुळे. त्यांनी राजाराम महाराज, ताराराणी आणि शाहू महाराज अशा तिघांची चाकरी केली. त्यातले शेवटचे दोघे एकमेकांविरुद्ध लढत होते.

प्रतिनिधी म्हणजे कोण?

१६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले. दरबार तिकडे आणि मुलूख इकडे, अशा अडचणीत त्यांनी प्रल्हाद निराजी यांच्यासाठी हे नवे पद काढले. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या वतीने बोलणारा. त्याचे स्थान अष्टप्रधानांच्या वर आणि वेतन १५ हजार होन. पेशव्यांचे १३ हजार.

परशुरामपंतांनी काय केले?

इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य कारभार सांभाळत होते. त्यांच्या हाताखाली परशुरामपंत तयार झाले. घराणे लेखणीचे, पण पंतांचे नाव झाले किल्ल्यांवर. १६९२ मध्ये त्यांनी पन्हाळा मोगलांकडून परत घेतला. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले आणि ताराराणींनी सूत्रे हाती घेतली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द औरंगजेब विशाळगडाखाली येऊन बसला. पंतांनी गड सुमारे सहा महिने लढवला. जून १७०२ मध्ये पैसे आणि सुखरूप वाट पदरात पाडून घेऊनच ते खाली उतरले. गड गेला खरा, पण परतणाऱ्या मोगल फौजेची सह्याद्रीच्या पावसाने दाणादाण उडवली.

मग कैद का?

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू महाराज सुटून आले. ताराराणींनी त्यांचा हक्क नाकारला आणि पंतांना धनाजी जाधवांसह त्यांच्यावर पाठवले. खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना मिळाले. पंत मिळाले नाहीत. ते साताऱ्याच्या किल्ल्यात जाऊन बसले. किल्लेदार शेख मिरा यांचे कुटुंब वाईला होते. शाहू महाराजांनी ते ताब्यात घेतल्यावर किल्लेदाराने पंतांनाच कैद करून किल्ला हवाली केला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. प्रतिनिधीपद प्रल्हाद निराजींचे पुत्र गदाधर यांना मिळाले.

मग पुन्हा पद कसे?

१७१० मध्ये गदाधर वारले. सुमारे १८ वर्षे मोगल छावणीत काढलेल्या राजाला किल्ले, वतने आणि सरदारांची नाती ठाऊक असलेला माणूस हवा होता. शेवटपर्यंत बाजू न बदललेल्या शत्रूवर भरवसा टाकणे, धनाजींसारख्यांच्या तुलनेत, कदाचित सोपेही वाटले असावे. पंत सुटले, प्रतिनिधी झाले.

पण थोरले चिरंजीव कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीकडे गेले. संशय वडिलांवर आला. पद गेले, पुन्हा कैद. काही काळाने दोन्ही मिटले आणि १७१८ मध्ये निधन होईपर्यंत पंत प्रतिनिधीच राहिले. स्पेनमध्ये बरोबर शंभर वर्षे आधी, १६१८ साली, राजा तिसऱ्या फिलिपचा सर्वेसर्वा ड्यूक ऑफ लर्मा दरबारातून बाहेर पडला. त्याला परत बोलावणे आले नाही. राजाच्या मर्जीपलीकडे त्याच्याजवळ फारसे काही नव्हते. पंतांजवळ होते.

पुढे घराण्याचे काय झाले?

ते दोन दरबारांत वाटले गेले. कृष्णाजींची शाखा विशाळगडची, तर श्रीपतरावांकडे साताऱ्याचे प्रतिनिधीपद. संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतरावांनीच बांधले. शाहूंच्या दरबारात त्यांचे आणि बाजीराव पेशव्यांचे खटके प्रसिद्ध आहेत : बाजीरावांना उत्तर हवी होती, श्रीपतरावांना आधी घर सावरायचे होते. बाजीराव जिंकले. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्यात प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांचे बंड मोडल्यावर सत्ता पुण्याला गेली.

घराण्याकडे औंध संस्थान उरले. त्याचा काही भाग आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी, कुंडल हा भाग सांगलीत आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३९ मध्ये त्यांनी राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले.