कोयासानच्या वाटेवरचे गोसे : जपानची धम्मयात्रा आणि तेथील रस्त्यावरचे अन्न

जपानमधील कोयासान विद्यापीठाच्या आवारात १० सप्टेंबर २०१५ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर व लुंबिनी या स्थळांचे दर्शन घेतलेल्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड परिसरातील उपासक-उपासिकांच्या बोलण्यात त्यामुळे आता जपानचेही नाव येऊ लागले आहे. अशा यात्रेची आखणी कशी करावी, काय पाहावे आणि विशेषतः काय खावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

'तिकडे खायचे काय?' हा प्रश्न प्रत्येक यात्रेपूर्वी विचारला जातो आणि तो सहसा हसण्यावारी नेला जातो. वास्तविक, कोल्हापूरकरांनी तरी तो हसण्यावारी नेऊ नये. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. तेव्हा महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास कोणी धजेना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवली, स्वतः चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यावयास लावला. रस्त्यावरचे अन्न म्हणजे केवळ चवीचा मामला नव्हे. ते कोणी शिजवले आणि ते कोण खातो, हा प्रश्न त्याला जोडलेलाच असतो. जपानमध्येही तो तसाच जोडलेला आहे, आणि प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नेमका तोच आढळत नाही.

सर्वसाधारण सहलीचा क्रम ओसाका, नारा, क्योतो असा असतो. कोयासानचा पुतळा पाहावयाचा असल्यास त्यात दोन दिवसांची भर पडते. नारा येथील तोदाइजी विहारातील सुमारे १५ मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. इ. स. ७५२ मध्ये या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखणारा भिक्खू बोधिसेन हा भारतीय होता व तो इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता. विहाराच्या परिसरात हरणे मोकळी हिंडतात आणि लोक त्यांना भाताच्या कोंड्याच्या चकत्या चारतात. सारनाथच्या मृगदायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तथापि नाराच्या हरणांची परंपरा तेथील कासुगा या शिंतो देवस्थानाशी निगडित आहे, हे ध्यानात असावे. भाबडेपणाने सगळीकडे बुद्धाच्या खुणा शोधण्यापेक्षा जे आहे ते तसे पाहणे हेच आपल्या शिकवणुकीला धरून होईल.

आता ओसाकाच्या रस्त्यावरील अन्नाकडे वळू. 'ताकोयाकी' हा पदार्थ पाहताच गडहिंग्लजच्या माणसाला आपल्या आप्पेपात्राची आठवण होईल. तसेच खळगे असलेला लोखंडी तवा, तसेच सुईने गोळे उलटणे. फरक इतकाच की पीठ गव्हाचे असते व पोटात अष्टपादाचा तुकडा असतो. 'ताइयाकी' दिसतो माशासारखा, परंतु आत लाल कडधान्याचे गोड सारण असते. मांस नसलेला असा मासा हाच. उलट, साध्या दिसणाऱ्या उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, वाटीतील निवळ रसात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. त्याला 'दाशी' म्हणतात आणि तो जवळपास सर्वत्र असतो. वर्षावासात किंवा उपोसथाला मांस वर्ज्य करणाऱ्या उपासिकांनी 'मांस नको' एवढेच सांगून भागणार नाही, 'दाशीही नको' असे लिहिलेली जपानी चिठ्ठी जवळ बाळगावी. बाकी शिष्टाचार थोडे आहेत. चालता चालता खाऊ नये, गाड्यापाशीच उभे राहून खावे. कचरापेट्या क्वचितच दिसतात, म्हणून पिशवी जवळ असावी. लहान दुकानांसाठी रोख पैसे ठेवावेत. बक्षिशी देण्याची पद्धत नाही.

मांसाहाराविषयी आपल्यातील काही जणांच्या मनात उगाच संकोच असतो. जीवक सुत्तात तथागतांनी जे मांस आपल्यासाठी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही व तशी शंकाही नाही, ते भिक्खूलाही घेता येते असे सांगितले आहे. आमगंध सुत्ताचा आशय तर असा की माणूस अपवित्र होतो तो मांस खाल्ल्याने नव्हे, दुष्कृत्याने. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा विचार आवर्जून घेतला आहे.

हे येथे सांगण्याचे कारण असे की ओसाकाच्या दक्षिणेकडील भागात 'आबुराकासू' नावाचा एक पदार्थ मिळतो. गाईबैलांची आतडी मंद आचेवर त्यांच्याच चरबीत दीर्घकाळ तळतात. चरबी निथळून जाते व कुरकुरीत, टिकाऊ तुकडे उरतात. ते उदोनच्या रसात घातले की 'कासू-उदोन' होते. तसेच 'साइबोशी' म्हणजे मुख्यतः घोड्याचे वाळवलेले, धुरी दिलेले मांस. वजडी आणि चान्या ज्यांच्या घरात शिजल्या आहेत त्यांना हे अन्न समजावून सांगावे लागणार नाही. कातडी कमावणे आणि जनावरे सोलणे ही कामे ज्यांच्यावर लादली गेली, त्या बुराकू समाजाचे हे अन्न होय. कत्तलीनंतर इतरांनी टाकून दिलेल्या भागातून त्यांनी ते निर्माण केले. उएहारा योशिहिरो या लेखकाने २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात जगभरच्या बहिष्कृतांच्या पानात काय पडते याचा शोध घेतला, आणि त्यात स्वतःच्या बुराकू वस्तीतील हे पदार्थही नोंदवले. आपल्याकडे शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथाने मराठवाड्याच्या संदर्भात असेच काम केले आहे. आज कासू-उदोन ओसाका शहरातील दुकानांतही मिळते व खाणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचा उगम ठाऊक नसतो.

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचा जो उपदेश केला, तो लादलेल्या लाचारीविरुद्ध होता. आबुराकासू हे मृत जनावराचे मांस नव्हे. शिवाय तो उपदेश आठवून पूर्वजांच्या चुलीची लाज बाळगणे, हा त्याचा विपरीत अर्थ होईल.

बुराकू समाजाचा इतिहास आपल्या धम्मबांधवांना अस्वस्थ करणारा आहे. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी घातली. पुढील शतकांत शिंतो धर्मातील विटाळाची कल्पना आणि प्राणिहत्येविषयीची बौद्ध भीती एकत्र आली, आणि कातड्याचे काम करणारे 'अतिमलिन' ठरले. त्या अर्थाचा जुना शब्द आज शिवी समजला जातो, म्हणून तो येथे देत नाही. १८७१ च्या फर्मानाने हा दर्जा कायद्याने रद्द केला, पण समाजाने केला नाही. अनेक विहारांनी तर बुराकू मृतांना धम्मनाम देताना त्यात पशू, चाकर, कातडे अशा अर्थाची अक्षरे घातली व ती थडग्यांवर कोरली. १९७९ साली अमेरिकेतील एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका श्रेष्ठ पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाही असे विधान केले. पुढे बुराकू संघटनांच्या विरोधानंतर त्यांना ते मागे घ्यावे लागले.

'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी असे प्रतिपादन केले की भारतातील अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, आणि गोमांस न सोडल्यामुळे ब्राह्मणी व्यवस्थेने त्यांना बहिष्कृत केले. जपानमध्ये मात्र मांसाशी संबंधित काम करणाऱ्यांना अपवित्र ठरविण्यात बौद्ध संस्थाही सहभागी झाल्या. बौद्ध देश म्हटला की तेथे समता असणारच, असे गृहीत धरून जाणाऱ्या यात्रेकरूने ही गोष्ट निघण्यापूर्वीच समजून घ्यावी. अहिंसेचे शील जेव्हा काही माणसांना अपवित्र ठरविण्याचे साधन होते, तेव्हा ते शील राहत नाही.

परंतु या अंधारात प्रतिकारही झाला, आणि तो पाहण्याचे ठिकाण कोयासानच्या वाटेवरच आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी आपल्याच जिल्ह्यात माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली व शाहू महाराज तेथे उपस्थित राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३ मार्च १९२२ रोजी, क्योतो येथे 'सुइहेइशा' या बुराकू संघटनेची स्थापना झाली. सुइहेइ म्हणजे समतल. दया नको, आम्ही स्वतःच स्वतःला मुक्त करू, अशी तिची भूमिका होती. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे नारा प्रांतातील गोसे येथील काशिवाबारा वस्तीतील साइकोजी या विहारात, तेथील धर्मगुरूच्या घरी जन्मले. या संघटनेने प्रारंभीच पूर्व व पश्चिम होंगांजी या बलाढ्य पीठांना बुराकूंकडून वीस वर्षे देणग्या घेऊ नका असे बजावले. विहाराच्या पोटी जन्मलेला पुत्र विहारांना जाब विचारतो, हा प्रसंग आपल्या अभ्यासकांनी अधिक मुळातून पाहावयास हवा.

त्याच काशिवाबारा वस्तीत १९९८ साली सुइहेइशा संग्रहालय सुरू झाले. काट्यांच्या मुकुटाचे चिन्ह असलेला संघटनेचा ध्वज तेथे कळतो, आणि त्या वस्तीतून फिरताना साइकोजीही दिसते. नाराहून ओजी येथे गाडी बदलून वाकायामा मार्गाने निघाल्यास वाकिगामी हे लहानसे स्थानक लागते. तेथून संग्रहालय पायी गाठता येते. तोच रेल्वेमार्ग पुढे हाशिमोतोला जातो, व हाशिमोतोहून कोयासानची गाडी मिळते. म्हणजे यासाठी वेगळा दिवस लागत नाही. केवळ मध्ये उतरावयाचे आहे. असे असूनही बहुतेक सहली ओसाकाहून थेट कोयासानला जातात.

एक सूचना गांभीर्याने द्यावीशी वाटते. संग्रहालयात हवे तेवढे प्रश्न विचारावेत, परंतु ओसाकाच्या गाड्यावर किंवा रस्त्यात कोणालाही 'तुम्ही बुराकू का?' असे विचारू नये. तेथे जात आडनावावरून नव्हे, पत्त्यावरून ओळखली जाते. १९७५ साली बुराकू वस्त्यांच्या नावांच्या याद्या गुप्तपणे कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. नोकरीला येणाऱ्याचे गाव त्या यादीत शोधले जाई. २०१६ मध्ये भेदभाव निर्मूलनाचा कायदा झाला, म्हणजे तोवर व त्यानंतरही गरज होती. गावात नवा माणूस आला की 'आडनाव काय?' असे विचारले जाण्याचा अनुभव आपल्याला आहेच.

कोयासानची स्थापना इ. स. ८१६ मध्ये कूकाई या भिक्खूने केली. हा वज्रयान परंपरेचा शिंगोन पंथ आहे. तेथे बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, एवढेच काय पण गणपतीचेही जपानी रूप भेटेल. सकाळी अग्नीत आहुती देण्याचा 'गोमा' हा विधी होतो व तो शब्द आपल्या 'होम' शब्दापासूनच आला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या उपासकाने हे सर्व पाहावे, समजून घ्यावे, पण हात जोडण्याचे बंधन मानू नये. यजमान भिक्खूंचा अनादर न होता शांतपणे मागे बसता येते. बाबासाहेबांचा पुतळा अशा परिसरात उभा आहे, हे विसंगत वाटेल. मला ते तसे वाटत नाही. शिकवणारी संस्था आपल्या आवारात दुसऱ्या विचाराच्या माणसाला जागा देते, हे विद्यापीठाला शोभणारेच आहे.

कोयासान येथे विहारांतच मुक्काम करता येतो. अशी निवासस्थाने पन्नासाहून अधिक आहेत. भोजन 'शोजिन र्योरी' म्हणजे पूर्ण शाकाहारी असते, त्यात कांदा-लसूणही नसतो. तांबड्या रश्श्याच्या जिभेला ते प्रथम अळणी वाटेल. तीळ व कंदाच्या सत्त्वापासून केलेली 'गोमा-दोफू' ही मऊ वडी मात्र अवश्य चाखावी. येथील 'गोमा' म्हणजे तीळ, होमाचा त्याच्याशी संबंध नाही. गोठवून वाळवलेल्या सोयाबीन पनीराला तर या पर्वताचेच नाव मिळाले आहे, 'कोया-दोफू'.

पारपत्र कोल्हापूरच्या टपाल खात्यातील केंद्रातून काढता येते. निघण्यापूर्वी किमान तीन महिने तयारीस लागावे. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीस साकुराच्या बहरामुळे सर्वच महाग असते. १४ एप्रिलला पुतळ्यापाशी असावे अशी अनेकांची इच्छा असते, त्यांनी निवास फार आधी ठरवावा व गरम कपडे न्यावेत, कारण कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. मांसाचे पदार्थ व ताजी फळे जपानमध्ये नेण्यास बंदी आहे, शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल न्यावी. विहारातील रात्रीचे जेवण साडेपाच-सहालाच वाढतात व उशिरा येणाऱ्यासाठी पुन्हा मांडत नाहीत. म्हणून सकाळी लवकर नारा सोडावे, संग्रहालयाच्या सुटीचा दिवस आधी पाहून ठेवावा, आणि वाकिगामीहून दुपारी एक-दीडच्या सुमारास सुटणारी गाडी धरावी. हाशिमोतोनंतर डोंगर चढणारी गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते, तेथून तारेने ओढला जाणारा डबा व नंतर बस. उजेड असेतो विद्यापीठाच्या फाटकापाशी पोहोचता येते.