सहा मिनिटे एकवीस सेकंदांची कॅसेट

मुलांच्या एका स्पर्धेसाठी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या साध्या तुकड्यावर पुढे लाखाच्या घरात बोली लागली, तीही डॉलरमध्ये! काय होते त्या कॅसेटमध्ये?

मे महिन्याची दुपार. मोठी माणसे वामकुक्षी घेत आहेत आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर तीन-चार मुले मांडी घालून बसली आहेत. एकाच्या हातात रिमोट, बाकीच्यांचे डोळे पडद्यावर. ‘तू मेलास की माझी पाळी!’ असा दम दिला जातो. गेम सुरू झाला नाही की कॅसेट उपसायची, तिच्यात जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. १९९० च्या दशकात चंडीगड असो की चंद्रपूर, ज्या घरात व्हिडिओ गेम होता त्या घरातले हे नेहमीचे दृश्य. आणि ‘अभ्यास सोडून हे काय चाललंय?’ हा आईचा प्रश्नही सगळीकडे सारखाच!

आपल्याकडे मिळणारी यातली बरीच यंत्रे म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या. १८८९ मध्ये क्योटो शहरात पत्ते बनवण्यापासून सुरुवात केलेल्या या कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये आणि १९८५ मध्ये अमेरिकेत आपले यंत्र आणले. ते इतके लोकप्रिय झाले की १९९० मध्ये कंपनीने अमेरिकेत चक्क ‘जागतिक अजिंक्यपद’ स्पर्धा भरवली.

तीन खेळ, एक घड्याळ

मार्च १९९० मध्ये टेक्सासमधील डॅलस शहरातून स्पर्धेचा दौरा निघाला आणि २९ शहरांतून फिरला. स्पर्धकांचे तीन गट होते : ११ वर्षांपर्यंतचे, १२ ते १७ वर्षांचे आणि १८ वर्षांवरील. डिसेंबरमध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत अंतिम फेरी झाली. प्रत्येक गटाच्या विजेत्याला १० हजार डॉलरचे बचत रोखे, एक मोटारगाडी, मोठ्या पडद्याचा टीव्ही आणि मारिओची सोनेरी प्रतिमा असे बक्षीस होते. त्या वेळच्या दराने नुसत्या रोख्यांचीच किंमत पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास होत होती.

वेळ होती फक्त ६ मिनिटे २१ सेकंद. तेवढ्यात तीन खेळ खेळायचे. आधी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ५० नाणी गोळा करायची, मग ‘रॅड रेसर’मध्ये मोटारशर्यतीचा एक टप्पा पार करायचा आणि उरलेला सगळा वेळ ‘टेट्रिस’मध्ये वरून पडणारे ठोकळे रचायचे. एका खेळातले काम संपले की लगेच पुढचा खेळ सुरू.

गुणाकाराची गंमत

खरी मेख होती गुण मोजण्याच्या पद्धतीत. मारिओचे गुण जसेच्या तसे धरले जात, शर्यतीच्या गुणांना १० ने गुणले जाई आणि टेट्रिसच्या गुणांना २५ ने! म्हणजे मारिओमध्ये जास्तीचे गुण जमवण्यात रमलेला मुलगा मागे पडण्याचीच शक्यता अधिक. त्याच्या लाडक्या खेळात गेलेला प्रत्येक सेकंद टेट्रिसमधून वजा होत होता.

टेट्रिसमध्येही हिशेब होताच. या खेळाच्या नेहमीच्या आवृत्तीत पहिल्या पातळीवर एक ओळ पुसली तर ४० गुण मिळतात. एकेक करून चार ओळी पुसल्या तर १६०. पण त्याच चार ओळी एकदम पुसल्या तर १२०० गुण! त्यासाठी एक उभी फट मोकळी ठेवून लांब ठोकळ्याची वाट पाहावी लागते. तो लवकर आला नाही तर रचलेले सगळे अंगावर येते. तेव्हा चपळ बोटांबरोबर थंड डोकेही हवे.

१२ ते १७ वर्षांच्या गटात जिंकलेल्या थॉर ॲकरलंडने बटण अतिशय झपाट्याने दाबण्याचे तंत्र साध्य केले होते. पुढच्या पिढ्यांनी त्यात आणखी नव्या रीतींची भर घातली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने हाच टेट्रिस इतका पुढे नेला, की अखेर खेळच गोठून थांबला.

कॅसेटच्या पोटात

स्पर्धेसाठी खास कॅसेट तयार करण्यात आली होती. एरवीच्या गेममध्ये ‘लाइफ’ शिल्लक असेपर्यंत खेळता येते. इथे मात्र कॅसेटच घड्याळ सांभाळत होती. तिच्या दर्शनी बाजूला बारीक स्विचेसची रांग होती. ते खालीवर करून खेळाची वेळ ठरवता येई. वेळ भरली की खेळ बंद, मग खेळणारा कितीही रंगात आलेला असो.

स्पर्धेनंतर अशा ९० राखाडी कॅसेट अंतिम फेरीतल्या स्पर्धकांना देण्यात आल्या. आणखी २६ कॅसेट सोनेरी रंगाच्या होत्या. त्या कंपनीच्या ‘निन्टेन्डो पॉवर’ या मासिकाने बक्षीस म्हणून वाटल्या. त्यात सोने गुंजभरही नव्हते. रंग तेवढा सोनेरी. पण थोड्याच प्रती निघाल्यामुळे संग्राहक पुढे याच कॅसेटच्या शोधात हिंडू लागले.

जानेवारी २०१४ मध्ये अशी एक राखाडी कॅसेट इंटरनेटवरील लिलावात आली. वरचा कागद फाटलेला आणि त्यावर कुणीतरी पेनाने ‘मारिओ’ असे लिहिलेले. तरीही बोली एक लाख डॉलरच्या अगदी जवळ गेली! गंमत म्हणजे सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने नंतर माघार घेतली.

माळ्यावरचा खोका

ज्या कुणी ते नाव लिहिले, त्याला तिची पुढची किंमत कुठे ठाऊक होती? इतर कॅसेटमध्ये ती पटकन सापडावी, एवढीच त्याची गरज असणार. त्याच्या लेखी ती खेळायची वस्तू होती, जपून ठेवायची ठेव नव्हे.

आपल्या माळ्यावरच्या जुन्या खोक्यात अशी लाखमोलाची कॅसेट निघणार नाही. ‘लाखो गेम एकात’ असा दावा करणाऱ्या कॅसेट आपल्याकडे घरोघरी होत्या. पण तो खोका कधी उतरवलाच, तर एक गोष्ट लक्षात ठेवा : फुंकर मारू नका! श्वासातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. गेम सुरू होई तो बहुधा फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याने. बोळ्याला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, वाळू द्याव्यात आणि मगच कॅसेट लावावी.

मग दुसरा रिमोट मुलांच्या हाती द्या. घड्याळ लावून सहा मिनिटे एकवीस सेकंदांचा सामना होऊन जाऊ द्या. ‘अभ्यास सोडून हे काय चाललंय?’ असे आजी आतून ओरडली, तर या वेळी बोलणी मुलांनी नव्हे, त्यांच्या आईबाबांनी खायची!