घटसर्पात रक्तातील पाणी कोठे जाते ?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात चिखलणीची घाई उडते. घटसर्प अथवा गळसुजी या रोगाचा धोकाही याच सुमारास वाढतो. सकाळी धडधाकट दिसलेली म्हैस कित्येकदा दुसरा दिवस पाहत नाही. इतक्या अल्पावधीत जनावर का दगावते, हे समजले म्हणजे उपाय केव्हा योजावा हेही कळते.

रोगाचे मूळ

पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जंतूंमुळे हा रोग होतो. निरोगी दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशातही हे जंतू असतात. उन्हाळ्यातील अपुरा चारा, पावसात भिजणे व एकाएकी पडलेले नांगराचे कष्ट यांमुळे जनावर क्षीण झाले की जंतू बळावतात व रक्तात शिरतात. गाईबैलांपेक्षा म्हशी व रेडे यांना, विशेषतः लहान वयाच्या जनावरांना, हा रोग अधिक जाचतो.

शरीरात काय घडते ?

सुमारे ३०० किलो वजनाच्या बैलाच्या अंगात १७ ते १८ लिटर रक्त असते. रोगजंतूंच्या आवरणातील विष रक्तात मिसळले की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात व त्यांच्या भिंती झिरपू लागतात. मामा तलावाच्या पाटाला गळती लागली म्हणजे तलावात पाणी असूनही शेवटचे बांधी कोरडे राहते, तसाच हा प्रकार होय. रक्तातील पाणी व प्रथिने वाहिन्यांबाहेर पडून मांसात साचतात. गळ्याखालची गरम, कठीण सूज ती हीच.

हगवणीत पाणी शरीराबाहेर जाते; येथे ते शरीरातच राहते, परंतु रक्ताच्या कामी येत नाही. वाहिन्यांतील रक्त कमी व दाट होते, रक्ताचा दाब उतरतो, हृदय वेगाने धडधडते, लघवी कमी होते. त्यातच सुजेने श्वास कोंडतो.

लक्षणे कशी ओळखावी ?

ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. जनावर चारा सोडते, लाळ गाळते व घरघर करते. हिरडी बोटाने दाबून सोडावी. तिचा रंग दोन सेकंदांत परत न आल्यास रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. कान व पाय थंड पडणे आणि चढलेला ताप एकाएकी उतरणे हे सुधारणेचे नव्हे, तर अखेरचे चिन्ह होय.

तातडीने काय करावे ?

जनावर त्वरित वेगळे बांधावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. ताप दिसताच दिलेले जंतुनाशक औषध व शिरेतून दिलेले सलाईन गुणकारी ठरते. सूज वाढल्यावर यशाची आशा थोडी. बांबूच्या नळीने पाणी वा काढा पाजू नये. घसा सुजलेला असल्याने तो फुप्फुसात उतरतो. सुजेवर डागण्या दिल्याने वाहिन्यांची गळती थांबत नाही, जनावराचे हाल मात्र वाढतात. मेलेले जनावर जंगलात वा नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरावे.

खरा उपाय

पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते. अशा भागात काही तासांत पशुवैद्य पोहोचेल, ही आशा धरता येत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वीची लस हाच भरवशाचा उपाय होय. लशीचे बळ अंगी येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. तेव्हा मे महिन्यातच ती टोचून घ्यावी. गावची सर्व गुरे एकाच तलावावर पाणी पितात व एकाच रानात चरतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गुराख्यांना सोबत घेऊन घरोघरच्या जनावरांची यादी करावी, आणि एकही जनावर लशीवाचून राहणार नाही अशी दक्षता शेतकरी बंधूंनी घ्यावी.