गोतसभा: सुलतानाच्या मर्जीला पडलेली मर्यादा

मुर्तजा निजामशहाने 1570-71 मध्ये चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला. मुसलमान सुलतान आणि ख्रिस्ती पोर्तुगीज यांच्यातल्या मोठ्या लढायांपैकी ही एक. फौजा हलवणे सुलतानाच्या हाती होते. पण आपल्या मुलखातल्या एखाद्या गावची पाटीलकी खरी कोणाची, हे ठरवायला गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची आणि वतनदारांची न्यायसभा, बसे.

वतनाचा, म्हणजे पाटीलकीसारख्या वंशपरंपरागत हक्काचा, वाद दिवाणात (सरकारदरबारी) गेला की अंमलदार तो बहुधा गोताकडे सोपवीत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे पाटील, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन जमत. हवालदार आणि काझीही मजलसीत बसत. अग्रवादी (फिर्यादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) या दोघांकडून ‘निवाडा मान्य करू’ असा राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, आधीच लिहून घेत, वर जामीनही घेत. मग दोघांच्या तकरिरा (लेखी कैफियती), जुने कागद आणि गावोगावच्या वृद्धांच्या साक्षी होत. त्यानेही उलगडा झाला नाही तर दिव्य करावे लागे: उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि काही दिवसांनी हाताला इजा झाली का ते पाहायचे. शेवटी महजर, म्हणजे निवाडापत्र, लिहिला जाई. पाटील त्यावर नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या अवजाराची. जिंकणारा सरकारात हरकी (जिंकल्याची रक्कम) भरी, हरणारा गुन्हेगारी (दंड).

गोताने पक्षपात केला असे वाटले तर थळ, म्हणजे निवाड्याचे ठिकाण, बदलून मागता येई. पैठण हे असेच मानाचे थळ. कराडजवळच्या मसूरच्या पाटीलकीचा वाद इथेच आला. पाटीलकीवर हक्क सांगणारा बापाजी मुसलमान आधी मसूरच्या गोतात जगदाळ्यांविरुद्ध हरला. ‘मी मुसलमान म्हणून अन्याय झाला,’ अशी फिर्याद त्याने विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडे (कारकीर्द 1580-1627) नेली. सुलतानाने स्वतः निकाल फिरवला नाही. वाद गोदाकाठच्या पैठणला पाठवला. पैठणनेही निकाल बापाजीविरुद्धच दिला आणि सुलतानाने तो कायम ठेवला.

इंग्लंडमध्ये 1215 साली जॉन राजाकडून सरदारांनी मॅग्ना कार्टा लिहून घेतला. बरोबरीच्या लोकांनी कायद्याने निवाडा केल्याशिवाय स्वतंत्र माणसाला कैद करू नये, असे त्यात एक कलम आहे. बरोबरीच्यांनी न्याय करायचा, हे तत्त्व गोतसभेतही दिसते. मात्र इथे राजाला बांधणारी सनद नव्हती, परंपरेचा धाक होता. बंडखोराचे वतन राजा जप्त करू शके, करही वाढवी. वतन नसलेल्या उपऱ्या कुळाला या सभेत फारसा आवाज नव्हता. गोताने जपला तो प्रामुख्याने वतनदाराचा हक्क.

ही उणीव मान्य करूनही मसूरच्या वादाचे मोल कमी होत नाही. मुसलमान फिर्यादीविरुद्ध गेलेला पैठणचा निवाडा मुसलमान सुलतानाने मानला, हा दाखला शाळेच्या इतिहासात वेढ्यांच्या आणि तहांच्या बरोबरीने शिकवला पाहिजे.