शिरपेचातला तुरा आणि हरवलेला शब्द

१ मार्च २०२२ च्या संध्याकाळी अमेरिकेत अनेक घरांत लोक टीव्हीकडे पाहून अक्षरशः ओरडत होते. ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ हा शब्दखेळ चालू होता. वहीच्या मागच्या पानावर सिनेमाचे नाव ओळखायचा जो खेळ आपल्याकडची मुले खेळतात, त्याचाच हा मोठा अवतार. १९७५ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात फळ्यावर रिकामी घरे असतात, स्पर्धक चाक फिरवून एकेक अक्षर सांगतो आणि ते अक्षर जिथे जिथे असेल तिथे उजळते. ज्याला आधी ओळखता येईल, तो जिंकला.

त्या दिवशीचा वाक्प्रचार होता ‘अनदर फेदर इन युअर कॅप’. मराठीत सांगायचे तर शिरपेचात आणखी एक मानाचा तुरा. फळ्यावर फक्त तीन घरे रिकामी उरली होती. एक ‘युअर’मधले, न भरताही कळणारे. उरलेली दोन शेवटच्या शब्दातली, आणि त्या शब्दाचे मधले अक्षर ‘ए’ समोर दिसत होते.

एका स्पर्धकाने ठामपणे सांगितले, ‘हॅट’. उत्तर चूक. मग जे झाले ते पाहणाऱ्यांना खरे वाटेना. जवळजवळ दोन मिनिटे तिघेही चाचपडत राहिले. कुणी ‘लॅप’ म्हटले, कुणी ‘मॅप’. मांडीवर तुरा, नकाशात तुरा! अखेर कसेबसे ‘कॅप’ सापडले. नंतर ती चित्रफीत जगभर फिरायला लागली आणि तिघांच्या बुद्धीची यथेच्छ टिंगल सुरू झाली.

कार्यक्रमाचे तेव्हाचे सूत्रसंचालक पॅट सेजॅक यांनी मात्र ट्विटरवर स्पर्धकांची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बरेच लोक हा वाक्प्रचार ‘हॅट’ असाच वापरतात, त्यामुळे उत्तर चुकल्यावर तिघेही चक्रावले. कॅमेऱ्यासमोर, दिव्यांच्या झोतात, वेळ सरत असताना माणसाचे काय होते, ते घरी सोफ्यावर बसून कळत नाही. वैद्यकशास्त्राला विचारले तर ते सेजॅक यांच्याच बाजूने साक्ष देईल.

चुकीचा शब्द वाट अडवतो

खरे तर ‘हॅट’ हे उत्तर शक्यच नव्हते. त्यातली ‘एच’ आणि ‘टी’ ही अक्षरे आधीच्या शब्दांत उजळलेली होती. शेवटच्या शब्दात ती असती, तर तिथेही दिसली असती. इतके साधे तर्कशास्त्र का सुचू नये? कारण ‘हॅट’ आणि ‘कॅप’ हे अर्थाने सख्खे शेजारी. जवळचा पण चुकीचा शब्द एकदा मनात बसला, की तो दारात ठाण मांडतो आणि खऱ्या शब्दाला आत येऊ देत नाही. जितका जोर लावावा, तितका तोच पुन्हा पुढे येतो.

पुढच्या चुका तर आणखी बोलक्या आहेत. ‘लॅप’ आणि ‘मॅप’ हे दोन्ही शब्द ‘कॅप’पासून एकाच अक्षराच्या अंतरावर आहेत. म्हणजे मेंदू ध्वनीच्या अगदी जवळ पोहोचला होता, अर्थाचा धागा मात्र सुटला होता. शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा ध्वनी मेंदूत एकाच कप्प्यात नसतात, हे त्यातून दिसते. १९६६ मध्ये हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना अवघड शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. शब्द ‘अगदी तोंडावर आलाय’ असे म्हणणाऱ्यांना तो सांगता येत नव्हता, पण त्याचे पहिले अक्षर कोणते आणि तो किती लांब, हे बऱ्याचदा बरोबर सांगता येत होते. शब्द पुसला गेलेला नसतो. तिथवरची वाट तेवढी सापडत नसते.

ताणाचा पदर

यात ताण मिसळला की अडचण दुप्पट होते. सगळे पाहत आहेत आणि आपण चुकलो, एवढ्या जाणिवेने शरीरात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन उसळते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. अंगावर बैल धावून आला तर हेच रसायन जीव वाचवते. पण कपाळामागचा मेंदूचा भाग, जो पर्याय पडताळतो आणि चुकीचा विचार बाजूला सारतो, तो याच रसायनांच्या अतिरेकाने मंदावतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी यावर अनेक वर्षे संशोधन केले आहे.

शब्दखेळाशी याचा थेट संबंध दाखवणारे काम अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ डेव्हिड बेव्हर्सडॉर्फ यांचे. त्यांच्या १९९९ च्या प्रयोगात निरोगी लोकांना उलटसुलट केलेली अक्षरे जुळवून शब्द ओळखायला दिले होते. नॉरॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल घेतल्यावर ते जितके चांगले जमले, तितके उत्तेजक इफेड्रिन घेतल्यावर जमले नाही. मात्र म्हणून परीक्षेआधी किंवा मुलाखतीआधी ही गोळी कुणीही मनाने घेऊ नये. दम्याच्या रुग्णाला ती जिवावर बेतू शकते, आणि नाडी किंवा रक्तदाब धोकादायक पातळीला उतरू शकतो.

स्टुडिओ सगळीकडेच असतो

टीव्हीवर जाण्याचा योग थोड्यांच्याच नशिबी येतो, पण तोंडी परीक्षेचे टेबल, मुलाखतीची खोली आणि डॉक्टरांची ओपीडी हेही स्टुडिओच आहेत. घरातून ‘हे विचारायचे, ते सांगायचे’ असे घोकत आलेली आजी डॉक्टरांसमोर बसली, मागे रांग दिसली, की तिला रोजच्या गोळीचे नावही आठवत नाही. बाहेर पडून चपला घालताना आठवते! सोबतचा मुलगा वैतागतो, ‘काय गं आई, एवढंही सांगता येत नाही?’ त्या वैतागाने ताण आणखी वाढतो आणि उरलेसुरलेही निसटते.

उपाय साधे आहेत. शब्द अडला की त्याच्याशी झटापट करू नये. दोन-तीन संथ श्वास घ्यावेत आणि दुसऱ्या विषयाकडे वळावे. दारात बसलेला चुकीचा शब्द हलला की खरा शब्द बरेचदा आपणहून येतो. पहिले अक्षर आठवून पाहिले, तर त्याचाही उपयोग होतो. डॉक्टरांकडे जाताना तक्रारी आणि औषधे कागदावर लिहून न्यावीत. आणि समोरच्याने, मग तो डॉक्टर असो वा मुलगा, अर्धा मिनिट गप्प बसावे.

वय वाढते तसे शब्द, विशेषतः माणसांची नावे, अडणे वाढते. थोड्या वेळाने आठवत असेल आणि रोजचे व्यवहार सुरळीत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. पण चमचा, किल्ली अशा नेहमीच्या वस्तूंची नावे वारंवार सुचत नसतील, ओळखीचा रस्ता चुकत असेल, पैशांचे हिशेब जमेनासे झाले असतील, तर तपासणी करून घ्यावी. अशा विसरण्यामागे कधी बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा आजार किंवा नैराश्यही असते आणि त्यावर उपचार आहेत. मात्र बोलता बोलता अचानक शब्दच फुटेनासे झाले, जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तिथे ‘थोडा वेळ वाट पाहू’ हा सल्ला घातक ठरतो.

बाकीच्या वेळी वाट पाहणे हेच औषध. त्या तिघांना अखेर ‘कॅप’ सापडलेच. आजीलाही गोळीचे नाव आठवेल. तोवर तिच्यावर कुणी हसू नये, एवढेच.