चाळीस सेकंदांचा खासदार

एक रांग लावूया. मनातल्या मनातच, कारण जमिनीवर ती मावायची नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत मतदारयाद्यांत सुमारे ९६.८ कोटी नावं होती. रेशनच्या दुकानासमोर खेटून उभे राहतात तसे हे सगळे उभे करा, माणशी अर्धा मीटर. मुंबई-पुणे अंतर धरा दीडशे किलोमीटर. तेवढ्यात मावले तीन लाख. फक्त तीन लाख! मग रांग पुण्याहून मागे वळते, मुंबई गाठते, परत पुणे. अशा जवळपास सव्वातीन हजार खेपा झाल्यावर कुठे शेवटच्या माणसाला पाय टेकायला जागा मिळते. तीच रांग सरळ आकाशात सोडली तर चंद्र मागे टाकून आणखी लाखभर किलोमीटर पुढे जाते.

उभं राहून पाय दुखले? मग लोकल घेऊ. बारा डब्यांची, दाराला लटकलेली, पाच हजार माणसं कोंबलेली. दर तीन मिनिटांना एक सोडा. रात्री बंद नाही, रविवारचा मेगाब्लॉकसुद्धा नाही. शेवटची गाडी सुटेपर्यंत एक वर्ष आणि वर सव्वा महिना उलटलेला असेल.

त्यातले ६४.२ कोटी लोक खरोखर येऊन मत देऊन गेले. त्यांच्या बोटांसाठी म्हैसूरच्या कारखान्यातून शाईच्या सव्वीस लाखांहून अधिक बाटल्या निघाल्या, प्रत्येकी दहा मिलिलिटरच्या. गावाकडच्या सोळा फुटी विहिरीत त्या सगळ्या ओतल्या तर विहीर भरेल? छे! छातीभर शाई, बस्स. अख्ख्या देशाची लोकशाही छातीभर शाईत. (विहिरीवरून आठवलं. लोकसभेतही अध्यक्षांच्या आसनासमोर एक विहीर आहे. इंग्रजीत तिला ‘वेल’च म्हणतात, आपण हौदा म्हणतो. पाण्याचा थेंब नाही, पण उतरणारे भरपूर.)

मतदान केंद्रं साडेदहा लाख. हिमाचलातल्या ताशिगांगचं केंद्र १५,२५६ फुटांवर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवा, तरी वर साडेचार हजार फूट चढायचे उरतात. आणि अरुणाचलातल्या मालोगाममध्ये एकाच मतदारासाठी यंत्र डोंगरातून चालत नेलं जातं.

आता एवढा सगळा लोंढा एका नरसाळ्यात ओता. खालून काय पडतं? ५४३ माणसं.

एकेकाच्या वाट्याला सरासरी १७.८ लाख मतदार, म्हणजे ३५६ खच्चून भरलेल्या लोकल. खासदाराने प्रत्येकाशी पाच सेकंद हस्तांदोलन करायचं ठरवलं तर न जेवता, न झोपता १०३ दिवस हात हलवत राहावं लागेल. मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ९५ लाख. ऐकायला केवढी! भागून बघा: मतदारामागे सव्वापाच रुपये. कटिंग चहासुद्धा अर्धाच येईल. सरासरीवर मात्र फार विसंबू नका. लक्षद्वीपमध्ये जेमतेम ५८ हजार मतदार, बारा लोकलमध्ये मतदारसंघ संपला. आणि मुंबई उत्तर पश्चिममध्ये पहिल्या दोघांनी मिळून नऊ लाखांवर मतं घेतली, निकाल लागला ४८ मतांनी. सगळे ४८ जण एका लाल डब्याच्या एसटीतून आले असते, चार-पाच उभ्याने.

आता आत जाऊ. लोकसभेच्या नव्या सभागृहात ८८८ आसनं, सागवान आपल्या नागपूरचं. दोन्ही सभागृहांच्या गालिच्यांत मिळून साठ कोटींहून अधिक गाठी, मत देणाऱ्या प्रत्येकाच्या नावची जवळजवळ एक! कामकाज चालायला मात्र ५५ सदस्य हजर असले की पुरे. दिवसाला तारांकित प्रश्न २०, अतारांकित २३०, तेही चिठ्ठ्या काढून. खरी खोदकामं चोवीस स्थायी समित्यांमध्ये चालतात. त्यांत लोकसभेच्या वाट्याच्या खुर्च्या ५०४, म्हणजे मंत्री वगळले तर जवळपास प्रत्येकाला एक.

आणि पैसा! २०२५-२६चा अर्थसंकल्प ५०,६५,३४५ कोटी रुपयांचा. त्यातल्या अनुदानाच्या मागण्यांवर मत देण्याचा हक्क फक्त याच सभागृहाला, राज्यसभेला नाही. पाचशेची नोट दीडशे मिलिमीटर लांब असते. म्हणजे दहा लाख नोटा टोकाला टोक लावून मांडल्या की मुंबई-पुणे झालं, खर्च पन्नास कोटी. अर्थसंकल्पाच्या नोटा मांडत गेलो तर? मुंबई-पुणे एक लाखाहून जास्त वेळा! दर सेकंदाला एक रुपया मोजायला बसलात तर सोळा लाख वर्षं. अशा रकमेतल्या कित्येक मागण्यांवर चर्चाच होत नाही. शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी गिलोटिन पडतं आणि उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकल्या जातात.

कारण वेळ नाही. वेळ किती नाही, तेही मोजू. दादासाहेब मावळणकर अध्यक्ष असलेल्या १९५२च्या लोकसभेत एका खासदारामागे साडेतीन लाख मतदार होते, आज पाचपट आहेत. ती लोकसभा ६७७ दिवस बसली, सतरावी बसली २७४ दिवस. बैठकीच्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, मधला जेवणाचा तास सोडून सहा तास. ५४३ जणांत सारखे वाटले तर एका खासदाराला चाळीस सेकंद. दादरला लोकल थांबते जेमतेम तेवढे! तेवढ्यात १७.८ लाख लोकांचं पाणी, रस्ते, कांदा, शाळा, सगळं सांगून मोकळं व्हायचं.

उलट्या बाजूने बघा. सभागृहातल्या एका सेकंदात जवळपास ४५ हजार मतदारांचा वाटा असतो. वानखेडे गच्च भरून वर दहा-बारा हजार गेटवर तिकिटासाठी भांडतायत, एवढी माणसं एका सेकंदात! अध्यक्ष घसा खाकरतात, वानखेडे गेलं. ‘शांत राहा, शांत राहा’ म्हणतात, चार वानखेडे गेली. कुणीतरी फलक घेऊन हौद्यात उतरतं, आणखी कुणी उतरतं, घोषणा, बाकं बडवणं, एक मिनिट, २७ लाख मतदार गेले. मग कामकाज तहकूब. समजा फक्त ३५ मिनिटं. तेवढ्यात ९.३ कोटी लोकांचा, अख्ख्या महाराष्ट्राच्या मतदारयादीचा दिवसभराचा वेळ संपलेला असतो, सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत. पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन तोवर लोणावळ्यालाही पोचलेली नसते.